इंदूरची फुगडी आणि माझा बदनाम घोटा

इंदूरला जायचं ठरलं ते ताईच्या एका फोनवर. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती साताऱ्याहून इंदूरच्या मल्हारगंजात गेली, तेव्हापासून दर हिवाळ्यात ती मला बोलावते आणि दर हिवाळ्यात मी काहीतरी कारण काढते. या वेळी तिने कारण काढायला जागाच ठेवली नाही.

"वैशू, जानेवारीत खाली आहेस ना, मोकळी?" ती म्हणाली. "लालबागच्या ग्राउंडवर मराठी लोकांची जत्रा भरते, तिथे आमच्या ग्रुपला मंगळागौरीच्या खेळांसाठी स्टेज मिळालंय. शुभदाने गुडघे दुखतात म्हणून जोडी सोडली. फुगडीला मला पार्टनर नाही. तू ये."

"अगं, माझा घोटा माहितेय ना तुला?"

"माहितेय म्हणून तर बोलावतेय," ती म्हणाली आणि मोठ्याने हसली. मीही हसले, आणि त्याच दिवशी तिकीट काढलं.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझा डावा घोटा ठाऊक आहे. तो सिंहगडावर मुरगळला, हम्पीला मुरगळला आणि काहीही कारण नसताना आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही मुरगळला. आमच्या नातेवाइकांत कुणी चालताना अडखळलं की 'झाली हिची वैशाली' असं म्हणतात. अशा पायाने फुगडी घालायची म्हणजे आधी विचारून घ्यावं, म्हणून मी आमच्या भागातल्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण मुलगी, बोलायला रोखठोक. तिने मला भिंतीजवळ एका पायावर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. उजव्या पायावर मी बरी उभी राहिले. डाव्यावर डोळे मिटले मात्र, लगेच भिंत धरावी लागली.

"तुमच्या घोट्याचे बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणून ताणून सैल झालेत," ती म्हणाली. "पाऊल वाकडं पडतंय ही खबर मेंदूपर्यंत उशिरा पोचते. तरी नडगीच्या बाहेरचे स्नायू ऐनवेळी पाय सावरून घेतात, म्हणून तुम्ही रोज पडत नाही. पण ते स्नायू दमले की सावरणारं कुणी उरत नाही. आठवून बघा, तुम्ही गड चढताना पडता की उतरताना?"

उतरतानाच. दर वेळी उतरतानाच. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. फुगडीचं विचारलं तर म्हणाली, पट्टा बांधा आणि दमायच्या आधी घाला, दमल्यावर हौस म्हणून आणखी एक घालू नका. शिवाय ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि रोज एका पायावर उभं राहायचं, असा व्यायाम दिला. मी तो निघेपर्यंत इमानेइतबारे केला. एरवी मी असल्या बाबतीत अगदी आळशी आहे.

पुण्याहून इंदूरला जायचे मार्ग बरेच आहेत. विमान आहे, धुळ्यावरून जाणाऱ्या रात्रीच्या स्लीपर बस आहेत, पण पाय लांब करून झोपायचं असेल तर रेल्वेच बरी. दुपारी निघते, गुजरातेतून वळसा घालून सकाळी इंदूरला सोडते. थर्ड एसीचं तिकीट दीड हजाराच्या आसपास धरा आणि महिनाभर आधी काढा. वेळ बसपेक्षा जास्त लागतो, पण रतलामच्या पुढे उजाडतं आणि खिडकीतून धुक्यातले गव्हाचे हिरवे पट्टे दिसायला लागतात. थंडी पुण्यापेक्षा बरीच जास्त असते, तेव्हा शाल बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

स्टेशनवर भावोजी स्कूटर घेऊन हजर होते. ताईचे यजमान म्हणजे मल्हारगंजात घराच्याच खाली स्टेशनरीचं दुकान चालवणारे, कायम खुशीत असणारे गृहस्थ. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत त्यांनी स्कूटर पोह्यांच्या गाडीसमोर उभी केली.

"पहिले पोहे खा, मग घर," ते म्हणाले. "भिया, दो प्लेट. सेव ज्यादा. आणि जलेबी गरम असेल तर दे, नाहीतर राहू दे." मग माझ्याकडे वळून, "तुमचे पुण्याचे पोहे ठीक असतात, पण हे बघा, हे वाफेवर असतात. कढईत भाजले की बात खतम."

वाफेवरचे मऊ पोहे, वर बारीक शेव, कच्चा कांदा, जिरावण नावाचा आंबटतिखट मसाला आणि शेजारी जिलबी. वीस-पंचवीस रुपयांत प्लेट येते. पुणेकर म्हणून मी वाद घालायच्या तयारीने खायला सुरुवात केली आणि दुसरी प्लेट मागवली.

मल्हारगंजात रिक्षाने जायच्या भानगडीत पडू नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि दुकानांचा माल रस्त्यावर असतो. ताईचं घर दुकानावरच्या मजल्यावर, आणि जिना असा उभा की शिडीच म्हणावी. ताई मला घ्यायला खाली उतरली ती आडवी होऊन, भिंतीला हात लावत. "गुडघे," ती म्हणाली. पन्नाशी उलटलेल्या बाईने गुडघे म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. मीही विचारलं नाही. तिच्या पायात मात्र मागून पट्टा असलेल्या सँडल होत्या. आयुष्यभर सपाता फटफटत फिरलेली ही बाई, घरातसुद्धा सँडल घालून वावरत होती.

"काय गं, एवढी फॅशन?"

"तुझी बहीण शोभायला पाहिजे ना," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

फुगडी ज्यांनी घातली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. समोरासमोर उभं राहून पावलं जुळवायची, हातांची अढी घालून एकमेकींना धरायचं, मागे झुकायचं आणि त्याच जागी गरागरा फिरायचं. यात आपला तोल आपल्या हाती नसतो. समोरची धरते म्हणून आपण उभ्या असतो, आणि आपण धरतो म्हणून ती. पडल्या तर दोघी पडतात, आणि कुणामुळे पडल्या ते कळायला काही मार्ग नसतो. त्यामुळे आमच्यात पडल्यावर जिला तिला समोरचीच चूक वाटते. साताऱ्याला श्रावणात ताई आळीतल्या सगळ्या मुलींना दमवून सोडायची आणि शेवटी कुणी उरलं नाही की माझे हात धरायची. मी लहान आणि हलकी, त्यामुळे तिच्यासमोर जवळजवळ हवेतच असायचे. ती कधीच पडली नाही. मला तरी आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रामाच्या देवळामागच्या हॉलमध्ये तालीम होती. आठ-दहा बायका, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या. कुणाचे पणजोबा होळकरांच्या फौजेतले, कुणाचे सासरे गिरणीत कारकून म्हणून आलेले. प्रमुख अलकाजी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या. गळ्यात शिट्टी होती आणि ती वाजवायला त्यांना आवडायचं. त्यांनी खेळांचा क्रम सांगितला तेव्हा मी हात वर केला.

"फुगडी सुरुवातीला घेता येईल का? दमल्यावर माझा घोटा दगा देतो."

"फुगडी लास्टलाच असते," अलकाजी म्हणाल्या. "पब्लिक त्याच्यासाठीच तर थांबतं."

"ती बरोबर बोलून राहिली आहे, अलकाजी," ताई मध्येच म्हणाली. "फुगडी पहिले ठेवा. हिचा पाय गेला तर सगळा प्रोग्राम बसेल."

माझी एवढी काळजी तिने पूर्वी कधी केलेली नव्हती. मला बरं वाटलं. अलकाजींनी नाइलाजाने क्रम बदलला, आणि पहिल्या दोन फुगड्या आमच्या इतक्या छान झाल्या की बाकीच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मग झिम्मा, पिंगा, सूपनाच असं सगळं करून तासाभराने ताई म्हणाली, "एक बार और." फिजिओने सांगितलेलं मला आठवत होतं, पण ताईला नाही म्हणायची मला सवय नाही. चार-पाच गिरक्या झाल्या असतील, आणि एकदम समोरचा ओढा गेला. दोघी धाडकन खाली.

सगळ्या धावल्या त्या माझ्याकडे. कुणी माझा पाय मांडीवर घेतला, कुणी शेजारच्या घरून बर्फ आणला. ताई कोपर चोळत बाजूला बसून म्हणाली, "हिचा पाय ना, पहिल्यापासून असाच आहे." मी सगळ्यांची माफी मागत होते. घोटा दुखत नव्हता, पण पट्ट्यामुळे वाचला असेल असं मला वाटलं. न दुखणाऱ्या पायावर बर्फ ठेवून मी अर्धा तास बसले होते.

त्यानंतरच्या सकाळी आम्ही दोघी लालबाग पॅलेस बघायला गेलो. होळकरांचा राजवाडा, आता संग्रहालय. तिकीट किरकोळ आहे, सोमवारी बंद असतो असं ऐकलं, आणि काही दालनांचं काम चालू असतं तेव्हा आधी चौकशी करून जा. फाटकापासून वाड्यापर्यंत चाल बरीच आहे. आत संगमरवर, झुंबरं, छतावर रंगवलेली चित्रं, आणि लाकडी फळ्यांच्या जमिनीचं नाचघर. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. त्या शांततेत मला ताईच्या पावलांचा आवाज ऐकू यायला लागला. डावं पाऊल टेकायचं ते कळायचंही नाही, आणि उजवं मात्र प्रत्येक वेळी चटकन आपटायचं. एक मऊ, एक चट. एक मऊ, एक चट.

"तुझी सँडल तुटलीये का?" मी विचारलं.

"लूज झाली असेल," ती म्हणाली आणि वाकून पट्टा आवळू लागली. वाड्याचे फोटो मी भरपूर काढले. ते सगळे चांगले आलेत, पण अजून मी ते ब्लॉगवर टाकलेले नाहीत, कारण ते बघितले की मला तो आवाजच ऐकू येतो.

चौथ्या दिवशी देपालपूर. कार्यक्रमात सगळ्यांना एकसारखी हिरवी नऊवारी होती आणि माझ्या वाट्याची शुभदाकडे होती. शुभदा म्हणजे ताईची जुनी जोडीदार, आता लेकीकडे देपालपूरला राहायला गेलेली. इंदूरहून बसने तासा-सव्वा तासाचा रस्ता, बऱ्यापैकी चांगला, दोन्हीकडे गहू, हरभरा आणि लसूण. गाव धान्याच्या व्यापाराचं, बाजारात पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. बघण्यासारखं फार नाही, पण कुणाच्या घरी जेवायला मिळालं तर सोडू नका. शुभदाने दाल-बाफले केले होते. बाफले आधी उकडतात, मग भाजतात, आणि मग तुपात बुडवतात. दोन खाल्ले की उठवत नाही.

जेवण झाल्यावर शुभदाची लेक ताईला गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या दाखवायला घेऊन गेली. ताई जिना चढायला लागल्यावर शुभदा माझ्या जवळ सरकली.

"घुटन्याचं मी झूठ सांगितलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "माझे घुटने ठीक आहेत. तुझी बहीण फुगडीत पडायला लागली होती, वैशालीताई. मी किती साल तिच्याबरोबर फुगडी घातली, मला कळतं ना हाताला. पहिले तिचा उजवा पाय जातो, मग ती जाते. आणि दर वेळी ती सगळ्यांना सांगायची, शुभदाचं वजन वाढलंय. मी ऐकून घेतलं. काय बोलणार? एक दिवस विचारलं तर म्हणाली, कोणाला बोललीस तर तुझी-माझी दोस्ती खतम. म्हणून मीच सोडलं. तू बघ तिच्याकडे. कुणीतरी बघायला पाहिजे."

मी जिन्याकडे बघितलं. ताई वरच्या पायऱ्यांवर होती. डावा पाय ती सहज वर टाकत होती. उजव्यासाठी मात्र थांबायची, गुडघ्यापाशी साडी धरायची आणि साडीसकट पाय वर ओढून घ्यायची. चार दिवस मी हे बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तीच आधी बोलली.

"शुभदाने सांगितलं ना?" ती खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलंच. तिच्या पोटात एवढे महिने राहिलं हेच खूप."

"कधीपासून, ताई?"

"गणपतीत. चालता चालता चप्पल पायातून निघून मागे राहिली आणि मला पताच नाही. मग रोज व्हायला लागलं. पाय उठतो, पण पंजा लटकून राहतो. जरा दमले की तर बिल्कुलच. शाळेत शिकवताना दोन तास उभी राहिले की तिसऱ्या तासाला खुर्ची पकडते."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दोघांना. सुया टोचून, करंट देऊन सगळं झालं. तुझ्यासारखं नाहीये ते. तुझी दोरी ढिली झालीये, बस, कसरत केली की ठीक होईल. माझ्या स्नायूंची ताकदच चाललीये. थांबणार नाही म्हणाले. वर चढेल म्हणाले. किती जल्दी, ते नाही सांगू शकत."

मी भावोजींचं विचारलं. तिने मान हलवली.

"जत्रा झाली की सांगणार आहे. एकदा सांगितलं ना वैशू, की मग तो मला जिन्यावर एकटीला सोडणार नाही. तुम्ही सगळे मला पकडून पकडून चालवाल. त्याच्या आधी मला एक फुगडी पाहिजे. स्टेजवर, लोकांसमोर. बस, एक."

"आणि म्हणून मी?"

"तुझा पाय तर बदनाम आहेच," ती अगदी सरळ म्हणाली. "पडलो तर सगळे तुझ्याकडेच धावतील. त्या दिवशी धावले ना?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, प्रचंड राग आला. या वेळी एवढ्या हौसेने बोलावलं असं मी समजत होते, आणि हिला माझा पाय हवा होता. वाटेतलं हातोद गाव येईपर्यंत मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले. मग तिने खाली वाकून, हाताने, तिचं उजवं पाऊल सरळ करून ठेवलं. आपल्या मुलाचा पाय झोपेत वाकडा झाला की आपण नीट करतो तसं. ते बघितल्यावर माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक, मी रडायलाच लागले.

"रडू नको," ताई रुमाल देत म्हणाली. "कंडक्टर बघून राहिलाय."

पुण्याच्या फिजिओला फोन करावा असं माझ्या मनात आलं होतं. पण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं, म्हणून केला नाही.

जत्रा पाचव्या दिवशी, संध्याकाळी. लालबागच्या मैदानावर ओळीने खाण्याचे स्टॉल होते, थालीपीठ, झुणका-भाकर, पुरणपोळी, आणि त्यांच्याच शेजारी इंदुरी गराडू. गराडू म्हणजे तळलेला कंद, वर लिंबू आणि मसाला, फक्त थंडीतच मिळतो आणि चुकवू नये असा असतो. प्लेट साधारण पन्नास-साठला. मी विकत घेतला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. ताईने निम्मा संपवला.

आम्ही विंगेत साड्या सावरत असताना आयोजकांपैकी एक गृहस्थ घाईघाईने आले. प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते, आणि फुगडी पाहुण्यांसमोरच व्हायला हवी होती. अलकाजींनी आमच्याकडे वळून फक्त हात हलवला. फुगडी शेवटी.

"नको करूया आपण," मी ताईच्या कानात म्हणाले. "तासभर नाचून मग फुगडी, ताई, तुझा पाय टिकणार नाही."

"तासभर नाचतंय कोण?" ती म्हणाली. "मी पिछे उभी राहून टाळ्या वाजवते. पाय वाचवून ठेवते. तू पण माझ्या बाजूला राहा. लोक समजतील तुझ्यासाठी उभी आहे."

तसंच झालं. बाकीच्या बायका घामाघूम होईपर्यंत खेळल्या आणि आम्ही दोघी मागच्या रांगेत टाळ्या वाजवत राहिलो. एकदोघींनी माझ्याकडे रागाने पाहिलंही. उभं राहूनसुद्धा पाय दमतात हे मला तिथे कळलं. ताई अधूनमधून सगळं वजन डाव्या पायावर टाकत होती आणि तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

मग पाहुणे आले, शिट्टी वाजली आणि आम्ही पुढे गेलो. समोरासमोर उभं राहिल्यावर तिच्या उजव्या पावलासमोर माझं डावं येतं. म्हणजे तिचा जाणारा पाय आणि माझा सैल घोटा, शेजारी शेजारी. माझ्या घोट्याला पट्टा होता. मी माझं पाऊल तिच्या पावलाला बाहेरून घट्ट लावलं, खुंटी मारतात तसं. तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात धरले.

तिचे हात तेच होते. साताऱ्याच्या अंगणात मला उचलून फिरवणारे हात, तेवढेच घट्ट. आम्ही फिरायला लागलो. मैदानावरचे दिवे एकमेकांत मिसळले, बायका लय वाढवत होत्या, आणि ताईने मान मागे टाकली. ती हसत होती, तोंडभर. मला तिचं वय दिसत नव्हतं. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम.

मग तिच्या पायाची बोटं माझ्या पावलावर घसरली. या वेळी मला आधीच कळलं. मी वेग कमी करायला लागले.

"थांबू नको," ती धापा टाकत म्हणाली. "अजून एक."

मी तिला अजून एक गिरकी दिली. ती पूर्ण झाली, आणि मग तिचं पाऊल माझ्या पट्ट्याला घासून आतल्या बाजूला दुमडलं. ओढा गेला. पडताना मी तिला अंगावर घेतलं, एवढंच माझ्या हातात होतं. खाली पडल्या पडल्या मी माझा डावा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि "आई गं" म्हणून ओरडले.

टाळ्या चालूच होत्या. बायका माझ्याकडे धावल्या. भावोजी तर स्टेजवरच चढले. "पट्टा बांधून फुगडी घालायला सांगितली कोणी होती हिला?" ते ओरडत होते. ताई शेजारी बसली होती, अंबाडा सुटलेला, श्वास लागलेला. तिने माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांगत होते मी हिला." तिचा हात माझ्या घोट्यावर होता.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत शहरातला जुना राजवाडा बघितला. राजवाड्यासमोरच्या चौकात सकाळी जा, ऊन छान पडतं. भावोजींनी मला एक पाऊलही जास्त चालू दिलं नाही, स्टेशनवर बॅग उचलून थेट बर्थवर ठेवली आणि म्हणाले, "साली साहिबा, पुढच्या वेळी पाय ठीक करून या." ताई शेजारी त्यांचा दंड धरून उभी होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, प्रेमाने धरलाय.

आठवड्याभराने तिने त्यांना सांगितलं. त्यांचा मला फोन आला. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुमचा पाय ठीक होता ना?" मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याला आता बरेच महिने झाले. हे सगळं लिहायला ताईने परवानगी दिली आहे. तिने वाचून एक वाक्य काढायला लावलं, ते मी काढलंय. तुम्ही इंदूरला जाणार असाल तर हिवाळ्यात जा, पोहे दुसऱ्या दिवशीपण खा, पायात मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला आणि लालबागला निवांत वेळ ठेवा. बरोबर कुणी असेल तर त्यांच्या पावलांकडेही बघत जा. माझ्याकडून एवढंच सांगण्यासारखं आहे.

फिजिओचे व्यायाम मी परत आल्यावर रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर ताईबरोबर करायला लागले. ती तिच्या ओट्याला धरून, मी माझ्या. टाचा उचलायच्या, मग एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून. सुरुवातीला दोघी सारख्याच डुलायचो आणि एकमेकींना हसायचो. मग माझा घोटा सुधारत गेला. फिजिओ खूश आहे, म्हणते आता गड उतरायला हरकत नाही. ताईच्या उजव्या पायात आता आधाराचा साचा आहे, आणि डाव्या पायाची चप्पलही निसटायला लागली आहे.

परवा कॉल लावला तर ती खुर्चीवर बसलेली होती. मागे भावोजी कुकर लावत होते.

"उठ की," मी म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "आजपासून तू उभी राहा. मी बघते."

मी डावा पाय टेकवला, उजवा उचलला आणि डोळे मिटले. फोनमधून ताईचा आवाज येत होता. "बाहेर झुकून राहिली आहेस. हां. आता ठीक. अजून थोडं. अजून एक."

मी पडले नाही.